लाल नापास, पांढरी पास

माझ्या डाव्या भुवईच्या वर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. महिनाभरात ते बसलं, पण दाढी करताना हात अजून तिथे जातो. ते टेंगूळ मला एका गाडीने दिलं आणि ती गाडी मीच सत्तेचाळीस कलमं तपासून पास केली होती. संपादकांनी ‘धंद्यातले अनुभव लिहा’ असा निरोप पाठवला तेव्हा चांगली कामं आठवायला बसलो, तर हात पुन्हा कपाळावर. म्हणून तेच लिहितो.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. दुरुस्ती करतो, पण आसपासच्या तालुक्यांत मला ओळखतात ते ‘गाडी पाहणारा’ म्हणून. नव्या गाडीसाठी नंबर लावला की किती वर्षं वाट पाहावी लागते हे वाचकांना माहीत आहे. त्यामुळे आमच्याकडे बहुतेक सगळे जुनी गाडी घेतात आणि घेण्याआधी मला सोबत नेतात. मी कापडी बांधणीची वही काढतो, एकेक कलम तपासतो, बरोबर किंवा फुलीची खूण करतो. शेवटी निकाल कागदावर लिहून गॅरेजच्या दाराच्या खिळ्याला अडकवतो. पास किंवा नापास. मधलं काही नाही. नापास झालेली गाडी मग पंचक्रोशीत कोणी घेत नाही.

पहिलं कलम अगदी साधं आहे. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्याने इंजिन आधीच चालवून ठेवलेलं असतं, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येतं ते त्याला मला ऐकू द्यायचं नसतं. अशा वेळी मी चहा मागतो, मग पान मागतो, आणि इंजिन थंड होईपर्यंत पाऊसपाण्याच्या गप्पा मारतो. एकदा कारंज्याला एका व्यापाऱ्याकडे मी अशा तीन तास गप्पा मारल्या. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “मिस्त्री, गाडी खराब हाय, पण आता तुमी जेवाले नका थांबू.”

दुसरा एक अनुभव. एका गाडीचा गिअरबॉक्स इतका गुपचूप चालत होता की मला शंका आली. तेल काढून पाहिलं तर त्यातून लाकडाचा भुसा निघाला, शेरभर तरी असेल. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला कोणीतरी तो भरला होता. विकणारा माझ्याइतकाच चकित झाला. त्याला ती गाडी तशीच मिळाली होती आणि दोन वर्षं तो भुशावर गाडी चालवत होता. आणखी एक वकीलसाहेब होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाडी कशीही असली तरी नापास करा, कारण ती पत्नीला पसंत पडली आहे. मी गाडी तपासली. ती खरोखरच नापास निघाली. वकीलसाहेबांनी मला पेढे पाठवले आणि त्यांच्या पत्नी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

असे विषय पुष्कळ आहेत. पण मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात माझ्या गॅरेजच्या भिंतीवर होते.

पेट्रोल अचानक महाग झालं त्या वर्षी मी त्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं, ‘गाडी थांबली की इंजिन बंद. उतार लागला की इंजिन बंद.’ हा माझा शोध नव्हे, पण प्रचार माझा. जो ड्रायव्हर गॅरेजला येई त्याला मी हे पाठ करायला लावी. पातूरचा घाट इथले टॅक्सीवाले वरपासून खालपर्यंत इंजिन बंद ठेवून उतरत. घाट फुकटात पडला, असं ते मला येऊन सांगत आणि मला बरं वाटे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी रिठदचे यशवंत इंगोले माझ्याकडे आले. सैन्यात पंधरा वर्षं मोठे ट्रक चालवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत. बोलणं कमी, बुटांना पॉलिश. सोबत त्यांच्या पत्नी शांताबाई. या मात्र बोलत.

“मिस्तरी,” हवालदार म्हणाले, “मले टॅक्सी घ्या लागते. रिठदहून दुखणाईत माणूस वाशीमच्या दवाखान्यात न्याचं म्हटलं तर बैलगाडी, नाईतं येस्टीची वाट पाहा. अन् वाशीमहून अकोल्याले पाठवलं तं आणखी पंचाईत.”

“पैसे किती आहेत?”

उत्तर शांताबाईंनी दिलं. “जे फौजेतून भेटले ते सगळे. एक डाव. गाडी चालली तं आमी मालक. नाई चालली तं यायचा बाप ज्याच्या वावरात सालदार होता, त्याच्याच वावरात आमी. यायनं छप्पन साली, दीक्षा घेतली तवा, बापाले सांगतलं होतं का आता पुन्हा कोनाच्या दारी राबाचं नाई. ते ध्यानात ठेवून गाडी पाहा, भाऊ.”

मी वहीत लिहून घेतलं : टॅक्सी, चार माणसं, एकच संधी.

त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या रहेमानभाईंनी एका सरकारी लिलावातून दोन परदेशी गाड्या आणल्या होत्या. कुठल्याशा कारखान्याच्या उभारणीला आलेल्या दोन परदेशी इंजिनिअरांच्या त्या गाड्या. एक लाल, युरोपातली. एक पांढरी, जपानी. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक आणि ते दोघे साहेबही तसेच. दर रविवारी मोकळ्या रस्त्यावर शर्यत लावत, असं रहेमानभाई सांगत. “जीता कौन, ये दोनो साहब अलग अलग बताते थे.” सुटे भाग मिळणार नाहीत म्हणून कोणी त्या गाड्यांना हात लावत नव्हतं. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गाडीपेक्षाही त्या स्वस्तात पडत होत्या.

इथे मी एक गोष्ट कबूल करतो. ‘सुटे भाग’ हे माझ्या वहीतलं एकोणिसावं कलम. त्यात दोन्ही गाड्यांना फुली पडत होती. मी हवालदारांना तिथल्या तिथे परत पाठवायला हवं होतं. पण मला त्या गाड्या उघडून पाहायच्या होत्या.

आणि काय पाहिलं! बॉनेट उघडलं तर इंजिन आडवं. खाटेवर माणूस लांबीऐवजी रुंदीत झोपावा तसं. आपल्या गाड्यांत इंजिन पुढे असतं आणि तिथून एक लांब दांडा मागच्या चाकांपर्यंत जातो, त्या दांड्याने मागची चाकं फिरतात आणि गाडी ढकलली जाते. मी गाडीखाली पाठीवर सरकलो. दांडा नव्हता. दुसऱ्या गाडीखाली सरकलो. तिलाही नव्हता.

“रहेमानभाई,” मी खालूनच ओरडलो, “दांडे कोणी काढून विकले?”

रहेमानभाई घाबरून बसले खाली. मग मला दिसलं की इंजिनातून दोन आखूड दांडे पुढच्याच चाकांकडे गेले आहेत. गाडीला पुढची चाकंच ओढत होती. तीस वर्षं धंद्यात असून मी हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी बाहेर आलो आणि हे केवढं अजब आहे ते सगळ्यांना समजावून सांगितलं.

शांताबाईंनी ऐकून घेतलं. “बैल कुठं जुपता, भाऊ? पुढंच ना? मंग यात कायचं नवल? मागून ढकलणारी गाडीच उलटी म्हना.”

मी विषय बदलून इंजिनाकडे वळलो, तर दुसरा धक्का. दोन्ही इंजिनांना बाजूला एक गोगलगायीसारखं लोखंडी टरफल लावलेलं. ते कंपनीचं नव्हतं, साहेबांनी हौसेने बाहेरून बसवलं होतं, आणि दोघांचंही एकाच बनावटीचं. ते काय आहे हे समजायला मला एक दुपार लागली. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर आपण वाया घालवतो. इथे त्या धुराच्या झोताने एका दांडीवरचा लहान पंखा फिरतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळणार आणि जोर वाढणार. लोहाराचा भाताच, फक्त ओढायला माणूस नको. आम्ही त्याला भाताच म्हणू लागलो.

तीन दिवस आम्ही दोन्ही गाड्या चालवल्या. लाल मी घेतली, पांढरी हवालदारांनी. वाशीम ते रिठद आणि परत, एकदा कारंज्यापर्यंत. रस्ता सगळा जवळपास सपाट. लाल गाडीचं पेडल दाबलं की क्षणभर काहीच होत नसे आणि मग पाठीत कोणी लाथ घालावी तशी गाडी सुटे. पहिल्यांदा ती सुटली तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द गेला तो दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. शिवाय जोर आला की स्टीअरिंग हातातून एका बाजूला पळे, कारण ओढणारी चाकंही तीच आणि वळणारीही तीच. पांढरीही पळायला कमी नव्हती, पण तिचा जोर हळूहळू चढे. शांताबाई दोन दिवस तिच्यात आणि एक दिवस माझ्यासोबत बसल्या.

“लाल गाडी बरी पळते,” त्या म्हणाल्या, “पन तुमी चालवता तं पोटातलं वर येते.”

मी वहीत नोंदी करत होतो. वेग : लाल. बैठक : पांढरी. खड्डे : लाल. ब्रेक : पांढरी, पाय नुसता टेकवला तरी लागतो. गॅरेजच्या अंगणात परत आलो की मी भिंतीवरच्या नियमाप्रमाणे चाक थांबताक्षणी किल्ली फिरवत असे. हवालदार मात्र शेवटचा मैलभर गाडी सावकाश आणत, लिंबाच्या झाडाखाली वळवून नीट उभी करत, आणि तरी इंजिन बंद करत नसत.

“हवालदार, भिंत वाचली नाही का?”

“वाचली ना. पन फौजेत मोठं इंजिन पळून आलं का त्याले थोडा दम खाऊ देत. एकदम गळा दाबत नसत.”

“फौजेत पेट्रोल सरकारचं होतं.”

माझ्या हाताखालची दोन पोरं आणि रहेमानभाई हसले. हवालदारांनी मान खाली घालून किल्ली फिरवली.

तिसऱ्या दिवशी लाल गाडीच्या भात्यातून बारीक शीळ यायला लागली आणि मागून निळा धूर. दांडीच्या जागेतून तेल गळून इंजिनात जळत होतं. मी वहीत फुली मारली. तीन दिवसांत एवढं बिघडतं ते वर्षभर काय टिकणार? दाराच्या खिळ्याला कागद लागला, ‘लाल नापास, पांढरी पास.’

रहेमानभाई कागदाकडे बघत राहिले. “मिस्त्री, कल तक तो अच्छी थी.”

“कालपर्यंत सगळ्याच चांगल्या असतात,” मी म्हणालो. तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं.

हवालदारांनी पांढरी घेतली. आठवडाभराने टॅक्सीच्या कागदांसाठी ती अकोल्याला, आमच्या जिल्ह्याच्या कचेरीत न्यायची होती. हवालदार चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, मागे शांताबाई मांडीवर भाकरीचा डबा घेऊन. मालेगाव, मेडशी मागे पडलं. सकाळची उन्हं होती, रस्ता मोकळा. घाटाचा पहिला उतार लागला.

“करा बंद,” मी म्हणालो.

गाडी चालूच.

“अहो, आता हे पेट्रोल तुमचं आहे.”

“नवी गाडी हाय, मिस्तरी. घाटात कायले?”

“सगळे इथे बंद करतात. मी सांगतोय ना.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गिअर काढला आणि किल्ली फिरवली. सगळं शांत झालं. नुसता टायरांचा आवाज आणि काचेवरचा वारा. शांताबाई म्हणाल्या, “पाखरासारखं वाटून राह्यलं बाप्पा.” पहिल्या वळणावर हवालदारांनी ब्रेक दाबला, छान लागला. दुसऱ्या वळणावर दाबला, लागला, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. तिसरं वळण घेतलं तर समोर कडब्याने भरलेली बैलगाडी आमच्यापुढेच घाट उतरत होती आणि पलीकडून एस.टी. चढत येत होती. दोघींच्या मध्ये जागा नव्हती.

हवालदारांनी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं नाही. ते सीटवरून उठून त्यावर उभे राहिले. पेडल जागचं हललं नाही. त्यांनी हाताचा ब्रेक ओढला. वेग कमी झाला, पण गाडी थांबेना. कडबा काचेत मोठा होत होता. सत्तेचाळीस कलमं पाठ असलेला मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसलो होतो. किल्ली फिरवून गिअर टाका, एवढं जरी सुचलं असतं तरी पुरलं असतं. ते मला तासाभराने सुचलं.

घाटात रस्त्याच्या डागडुजीसाठी कडेला खडीचे ढीग टाकलेले असतात. हवालदारांनी गाडी डावीकडच्या ढिगात घातली.

आवाज फार मोठा नव्हता. खडी काचेवर पसरली, माझं कपाळ समोर आपटलं आणि भाकरीचा डबा माझ्या खांद्यावरून पुढे आला. एस.टी. भोंगा वाजवत निघून गेली. धूळ बसली.

“लागलं काय तुले?” हवालदारांनी मागे न बघता विचारलं.

“नाई. तुमाले?”

“नाई.” मग ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. हे मला जास्त लागलं. “दगड झाला होता, मिस्तरी. पायाखाली पेडल नव्हतं, दगड होता.”

बैलगाडीवाला गाडी थांबवून चालत आला. त्याने आम्हाला खालीवर पाहिलं. “रस्ता एवढा मोठा होता, भाऊ. खडीत काहून आले?”

मी कपाळाला हात लावून खाली पाहिलं, तर माझ्या मांडीवर एक पुस्तक होतं. धक्क्याने समोरचा कप्पा उघडून ते बाहेर पडलं होतं. गाडीचं इंग्रजी पुस्तक. तपासणीच्या वेळी तो कप्पा मी उघडून पाहिला होता. कलम एकेचाळीस, ‘कप्पा, कुलूप ठीक’. आतलं पुस्तक काढलं नव्हतं. माझी वही असताना मला दुसऱ्याचं पुस्तक कशाला?

मैलाच्या दगडावर बसून ते मी चाळलं. माझं इंग्रजी शाळेपुरतं आहे, पण तेवढं लागलंच नाही. एका पानावर चित्र होतं. उतारावरची गाडी आणि तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबडी फुली. खाली लिहिलं होतं, इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडू नये.

नंतर गॅरेजला आल्यावर मी ते नीट समजून घेतलं. आपल्याकडच्या गाडीचा ब्रेक पायाच्या जोराने लागतो. इंजिन चालू असो की बंद, त्याला फरक पडत नाही. या गाडीत पायाला मदत म्हणून एक डबा असतो आणि त्याला जोर चालू इंजिनाकडून मिळतो. इंजिन बंद झालं की डब्यात दोन-तीन वेळा पुरेल एवढाच जोर उरतो. त्यानंतर मोठ्या माणसालाही पेडल दाबवत नाही. ‘पाय नुसता टेकवला तरी लागतो’ म्हणून ज्या ब्रेकला मी जास्त गुण दिले होते, तो हाच ब्रेक. सपाट रस्त्यावर तीन दिवसांत हे कळायला वावच नव्हता, आणि घाटात मी गाडी पाहिलीच नव्हती.

पण मैलाच्या दगडावर बसलो होतो तेव्हा मला अजून एक पान उलटायचं होतं. शेवटच्या पानावर साहेबाने टाइप केलेला कागद चिकटवला होता, भात्याबद्दल. वेगाने चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दोन मिनिटं सावकाश चालू ठेवावं. नाहीतर दांडीतलं तेल जागेवर जळतं आणि भाता खराब होतो.

ती ओळ मी तीनदा वाचली. लाल गाडी मी चालवली होती. तीन दिवस, पाठीत लाथ बसेल अशी पळवून, अंगणात चाक थांबताक्षणी किल्ली. पांढरी हवालदारांनी चालवली होती. तिला दम खाऊ दिला म्हणून ती वाचली. मी दोन गाड्यांची तुलना केलीच नव्हती. एक गाडी तीन दिवस मारत होतो आणि मरतेय म्हणून तिला नापास केलं होतं. दोघांनी गाड्या बदलून चालवल्या असत्या तरी कळलं असतं. वहीत तसं कलम नव्हतं.

“काय लिवलं हाय?” शांताबाईंनी विचारलं. त्या खडीतून भाकरीचा डबा काढून पुसत होत्या.

काही नाही, कंपनीची माहिती आहे, असं म्हणता आलं असतं. इंग्रजी त्या दोघांनाही येत नव्हतं. मी दोन्ही पानं वाचून सांगितली.

बराच वेळ त्या डबाच पुसत राहिल्या. “म्हंजे लाल बी तुमीच मारली, अन् ही बी.”

“हो.”

“यायनं तुमाले फौजेचं सांगतलं होतं ना? दम खाऊ द्या म्हनून?”

“हो.”

“तुमच्या वहीत सत्तेचाळीस कलमं हायेत, भाऊ. गाडीत मानसं बसतात, चालवनाराले काही समजते, त्याचं कलम कितवं?”

हवालदार म्हणाले, “जाऊ दे ना.”

“जाऊ देत नाई,” त्या म्हणाल्या. “आता आपन वावरात जानार हाओत. मिस्तरीले मालूम पाह्यजे.”

गाडी ट्रकमागे बांधून वाशीमला आणली. मी ती रात्र न निजता काढली, असं लिहिणार नव्हतो, पण तसंच झालं. सकाळी इंजिन उघडलं. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या आखूड दांड्याचा सांधा तुटला होता, इंजिन जागेवरून सरकलं होतं. ते भाग देशात मिळण्यासारखे नव्हते. पुढून ओढणारी गाडी पुढूनच मोडली होती. भाता मात्र साबूत होता. तो हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग वही न घेता रहेमानभाईंकडे गेलो.

लाल गाडी त्यांच्या अंगणात उभी होती. माझा कागद खिळ्याला लागल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. बॉनेटवर त्यांच्या कोंबड्या बसत. मी सगळं सांगितलं. लाल गाडी चांगली होती. ती मी बिघडवली आणि वर नापास केली. पांढरीचा भाता हिला बसेल, दोन्ही भाते एकाच बनावटीचे आहेत. लाल हवालदारांना द्या, मोडकी पांढरी तुम्ही ठेवा, आणि फरकाच्या बदल्यात तुमच्या सगळ्या गाड्यांचं काम वर्षभर माझ्याकडे.

रहेमानभाईंनी पान लावलं, चघळलं. “काम तो ठीक है, मिस्त्री. लेकिन तुमने मेरी गाडी को भरे बाजार में बदनाम किया. घर में आके सॉरी बोलते?”

“मग कुठे बोलू?”

“जहाँ कागज लगाया था, वहाँ.”

दुसऱ्या दिवशी, सगळे टॅक्सीवाले चहाला जमतात त्या वेळी, मी खिळ्यावरचा जुना कागद काढला आणि नवा अडकवला. ‘लाल पास. तपासणारा नापास.’ खाली कारण लिहिलं, मोठ्या अक्षरात, घाटासकट. तीस वर्षांत मी निकाल कधी बदलला नव्हता. ज्यांना मी नियम पाठ करायला लावला होता ते सगळे कागद वाचत उभे होते. कोणीतरी हसलं. मग एकाने शिडी आणि चुन्याची बादली आणून भिंतीपाशी ठेवली. भिंतीवरची अक्षरं मी स्वतः पुसली. आपल्या गाड्यांना नियम अजून चालतो हे खरं आहे. पण भिंत गाडी पाहून बोलत नाही. माझ्या वहीत आता एकोणपन्नास कलमं आहेत. अठ्ठेचाळीसावं, गाडीचं पुस्तक आधी वाचणे. एकोणपन्नासावं, चालवणाऱ्याला विचारणे आणि गप्प बसून ऐकणे.

भाता बदलायला चार दिवस लागले. शीळ गेली, धूर गेला. कागदांसाठी पुन्हा अकोल्याला जायचं होतं. मी घरी राहणार होतो, पण शांताबाईंनी गॅरेजच्या दारात उभं राहून हाक मारली. “चला, भाऊ. पास कोनं केली? मंग बसा पुढं.”

मी बसलो. मालेगाव झालं, मेडशी झालं. घाट लागला. इंजिन चालू होतं. तिसऱ्या वळणापाशी डावीकडे खडीचा तो ढीग दिसला, मध्ये पांढऱ्या गाडीच्या नाकाचा खळगा अजून तसाच. हवालदारांनी तिथे मुद्दाम ब्रेक दाबला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. चारही वेळा लागला. मग त्यांचा हात किल्लीकडे गेला.

“मिस्तरी,” ते समोर बघत, अगदी गंभीरपणे म्हणाले, “फुकट पेट्रोल जळून राह्यलं. करू काय बंद?”

माझे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. केव्हा गेले ते मला कळलं नाही. मागे शांताबाई खो खो हसत होत्या.

“जळू द्या,” मी म्हणालो.